एफवायच्या दुसऱ्या महिन्यात डिग्री सोडावी का?

हे पत्र सप्टेंबरच्या मध्याला आलं. नाव आणि कॉलेज छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून तेवढं वगळून, थोडं आखडतं घेऊन तिच्याच शब्दांत देते.

"मॅडम, मी वाशिम जिल्ह्यातली, रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यातली. बारावी सायन्सला 79 टक्के, सीईटीला 76 पर्सेंटाइल. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये एका खासगी कॉलेजला इंजिनिअरिंगची ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) ब्रँच मिळत होती. आम्ही ओबीसी, उत्पन्न कमी, त्यामुळे फी माफ झाली असती. तरी मी हट्ट करून पुण्याला बीएस्सीला आले. यंदा फिजिक्स, मॅथ्स आणि स्टॅट (संख्याशास्त्र) असे तीन विषय आहेत, पुढच्या वर्षी त्यातला एक मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घ्यायचा. दोन महिने झाले, लेक्चरमधलं निम्मं डोक्यावरून जातं. सर सगळं इंग्रजीतच बोलतात. शंका विचारायची तर मनात वाक्य जुळवेपर्यंत सर पुढं गेलेले असतात. कॉट बेसिसवर राहते, खोलीत चौघी, बाकीच्या तिघी इंजिनिअरिंगच्या. मी 'काय करून राहिल्या तुम्ही' म्हटलं की हसतात. मेसमध्ये एकटीच जेवते. रात्री झोप नीट लागत नाही. बाबांची चार एकर शेती आहे. फोनवर ते म्हणतात, 'फुकट मिळत होतं ते सोडून गेलीस, आता तरी विचार कर.' प्रॅक्टिकल तेवढं बरं वाटतं. मागच्या आठवड्यात ग्रेटिंग, म्हणजे बारीक रेषांची काचपट्टी, लावून सोडियमचा दिवा बघत होते. एकच पिवळी रेष दिसत होती. दुर्बीण आणखी बाजूला नेली तर तिच्या दोन झाल्या. मला वाटलं माझा चष्माच खराब आहे, म्हणून पार्टनरला दाखवलं, तर तिलाही दोनच दिसल्या. ते सोडा. माझी डिग्री चुकली का? हे वर्ष सोडून गावी जाऊन परत सीईटी द्यावी का?"

प्रिय मुली,

"ते सोडा" म्हणून तू जे बाजूला सारलंस, तिथूनच मी सुरुवात करणार आहे. मी 31 वर्षं फिजिक्स शिकवलं. त्या डार्करूममध्ये किती बॅचेस बसवल्या याचा हिशेब नाही. बहुतेक मुलं रीडिंग घेतात, तक्ता भरतात, सही घेतात आणि बाहेर पडतात. सरांनी सांगितलेलं नसताना दुर्बीण आणखी बाजूला नेणारी मुलं फार थोडी. दोन रेषा दिसल्यावर "माझ्या डोळ्यांची तर चूक नाही ना" अशी शंका घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यांनी खात्री करून घेणारी त्याहून थोडी. तू जे केलंस त्याला प्रयोगशाळेत पडताळणी म्हणतात, आणि ती तुला कुणी शिकवलेली नव्हती.

एवढ्यावरून तू फिजिक्ससाठीच जन्मलीस असं मी म्हणणार नाही. एका संध्याकाळच्या आनंदावर कुणी आयुष्याची पाच वर्षं लावू नयेत. पण तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पहिला, हा विषय माझा आहे का. दुसरा, या गावात माझा जीव का रमत नाही. पहिल्याचं उत्तर तू दुसऱ्याकडून मागते आहेस आणि तिथंच घोटाळा होतोय. मेसमध्ये एकटीनं जेवताना, रात्री अकराला छताकडे बघत पडल्यावर ज्या मुलीला "डिग्री चुकली" असं वाटतं, तिला ईएनटीसीला घातलं असतं तरी तेच वाटलं असतं. तुझ्या खोलीतल्या तिघींपैकी एखादी तरी पांघरुणात तोंड घालून हेच म्हणत असेल. त्यांना एकदा विचारून बघ.

विषय खरंच चुकलेला असतो तेव्हा तो कसा दिसतो, तेही सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. जर्नल इतकं सुंदर की दुसऱ्यांना दाखवावं. रीडिंगचे आकडे मोत्यासारखे, सरासरी तीन दशांशांपर्यंत बरोबर. पण त्या आकड्यांचा अर्थ काय, असं त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मी विचारलं की कसनुसा व्हायचा. मात्र वडिलांच्या दुकानाची उधारी, जीएसटी, कुठल्या मालावर किती सुटतं, यावर तो तासभर बोलायचा आणि बोलताना त्याचा चेहरा बदलायचा. डिसेंबरात मीच त्याच्या घरच्यांशी बोलले. पुढच्या जूनमध्ये तो बीकॉमला गेला आणि फार चांगलं झालं. तेव्हा सोडणं म्हणजे हरणं असं मी मानत नाही. तुझ्या पत्रात मात्र विषयाचा कंटाळा कुठंही नाही. समजत नाही असं आहे. कंटाळा आणि न समजणं बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून मुलं फसतात.

आता न समजण्याबद्दल. यातला अर्धा दोष तुझा नाहीच. एफवायच्या पहिल्या टर्मला मेकॅनिक्सचे सर पहिल्याच आठवड्यात डेरिव्हेटिव्ह आणि डिफरन्शियल इक्वेशन वापरायला लागतात. गणिताच्या तासाला तो भाग बऱ्याचदा दिवाळीच्या तोंडावर येतो. मधले दोन महिने सगळा वर्ग अंधारात असतो. शहरातल्या मुलांचे क्लास झालेले असतात, त्यामुळे त्यांना मान डोलवता येते, एवढाच फरक. बारावीचं गणिताचं पुस्तक गावाकडून मागवून घे आणि डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन ही तीनच प्रकरणं पहिल्यापासून पुन्हा सोडव. रोज दहा गणितं सोडवलीस तर तीन आठवड्यांत होतील. यासाठी क्लास लावू नकोस, पैसे वाचव.

इंग्रजीचं दुखणं मला नेमकं ठाऊक आहे. आपल्याकडे अकरावी-बारावी सायन्सचं पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, पण सर समजावतात मराठीत. त्यामुळे 'मोमेंटम' कळतो, 'टॉर्क' कळतो, अडतं ते मधल्या वाक्यावर. 1981 साली मी स्वतः खेड्यातून शहरात शिकायला आले, तेव्हा अख्खी पहिली टर्म तोंड उघडलं नव्हतं. मग एक सवय लावून घेतली. रात्री प्रॅक्टिकलच्या मॅन्युअलमधलं एक पान मोठ्यानं वाचायचं. गोष्टीचं पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, मॅन्युअलच. कारण शंका विचारायला जी वाक्यं लागतात ती तिथंच असतात: टेलिस्कोप कसा फिरवायचा, व्हर्निअर कसा वाचायचा, कोन निम्मा का करायचा. महिनाभरात ती वाक्यं जिभेवर बसली. तोवर तू एक कर. शंका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, मोडक्यातोडक्या इंग्रजीत किंवा सरळ मराठीत, आणि तास संपल्यावर सरांना स्टाफरूममध्ये गाठ. बहुतेक प्राध्यापक स्टाफरूममध्ये मराठीतच बोलतात. वर्गात इंग्रजीचा आग्रह धरणारे सरही दारात उभ्या राहिलेल्या मुलीला हाकलत नाहीत. उलट सप्टेंबरात शंका घेऊन आलेली मुलगी त्यांच्या वर्षभर लक्षात राहते.

'काय करून राहिल्या' हे वाक्य सोडू नकोस. पुण्याचं मराठी तुला सहा महिन्यांत येईलच, कान आपोआप शिकतो. पण हसतात म्हणून आपली बोली गिळलीस तर तिच्यासोबत बाकीचंही बोलणं कमी होतं, हे मी बऱ्याच मुलींचं झालेलं पाहिलंय. पुढच्या वेळी कुणी "वाशिम कुठं आलं गं" म्हणून विचारलं, तर नकाशा समजावत बसू नकोस. लोणारच्या इकडे, म्हणून सांग. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात पडलेलं ते विवर बघायला लोक परदेशातून येतात, आणि तुझ्या खोलीतल्या तिघींपैकी एकीनंही ते पाहिलेलं नसेल.

मेसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुली कॉलेजला कंटाळण्याआधी जेवणाला कंटाळतात. एकाच वेळेला जेवायला जा. आज साडेसात, उद्या नऊ असं केलंस की रोज नवे चेहरे भेटतात आणि कुणीच ओळखीचं होत नाही. रोज पावणेआठला त्याच टेबलाशी बसलीस की दहा दिवसांत कुणीतरी ताक पुढं सरकवतं, तिथून सुरुवात होते. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हे पुण्यातल्या मेसचं जुनं चलन. त्या रविवारच्या संध्याकाळीच गावाकडून आलेल्या मुली सगळ्यात जास्त रडतात. पोटात काही नसतं, खोलीतल्या मुली बाहेर गेलेल्या असतात आणि नेमक्या त्याच वेळी घरी फोन लावला जातो. तिकडे आईचा आवाज ऐकला की बांध फुटतो, आईलाही रात्रभर झोप नाही. फोन रविवारी सकाळी कर, पोहे खाऊन झाल्यावर. संध्याकाळी प्रॅक्टिकल पार्टनरला घेऊन बाहेर पड. तिनंही त्या दोन रेषा पाहिल्यात, म्हणजे तुमच्यात बोलायला विषय तयार आहे.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासूनची, टिळक स्मारक मंदिरात. हौशी आकाशनिरीक्षकांची ही संस्था. तिथं कुणी मार्क विचारत नाही. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला मिळते. 45 मीटर व्यासाच्या एकेक अशा 30 तबकड्या. एखादीच्या खाली उभं राहून वर बघितल्याशिवाय तिचा आकार समजत नाही. कॉलेजात एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, असेल तर नाव दे. सात दिवसांच्या निवासी शिबिरात तुझ्यासारख्या, खेड्यातून आलेल्या आणि गप्प बसलेल्या मुली एकमेकींना सापडतात. यातलं सगळं करायला धावू नकोस. एकच निवड, पण दर आठवड्याला जा.

झोपेचं मी हलकं घेत नाही. पंधरा दिवस असंच चाललं, जेवण जाईना, सारखं रडू यायला लागलं, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन कर. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. कॉलेजातही समुपदेशक असतील, चौकशी कर. ताप आल्यावर दवाखान्यात जातो तसंच हे आहे.

आता बाबा. मुली, मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. 2024-25 पासून शासनानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. चार एकरवाल्या बापाला ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल! आणि लेकीनं ती नाकारली. शिवाय त्यांच्या डोक्यात साधा हिशेब आहे. इंजिनिअरिंग चार वर्षांत नोकरीच्या दारात नेऊन सोडतं, बीएस्सीला पुढं एमएस्सी जोडावी लागते, म्हणजे पाच वर्षं. या हिशेबाला उत्तर द्यायला लागेल, रुसून चालणार नाही. तुझ्या बाजूनं एक खरं आहे की माफी फक्त त्या दोन शुल्कांची होती. राहणं-जेवण तिथंही खिशातूनच जाणार होतं, आणि नको असलेल्या ब्रँचची चार वर्षं फुकट मिळाली तरी ती वर्षं आपलीच जातात. पण हे फोनवर बोलू नकोस. दिवाळीला घरी जाशील तेव्हा सोयाबीन काढून झालेलं असेल. माल विकून बाबा जरा मोकळे बसतील त्या दिवशी, कागदावर पाच वर्षांचा खर्च आणि त्यातलं आपण काय काय उचलू शकतो हे लिहून त्यांच्यासमोर ठेव.

तो कागद रिकामा राहू नये म्हणून आत्ताच तीन कामं कर. शासनाच्या महाडीबीटी या वेबसाइटवर ओबीसीची शिष्यवृत्ती भरलीस का? नसेल भरली तर उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर घेऊन लगेच बस. मुदत संपल्यावर माझ्याकडे रडत आलेल्या मुली मी दरवर्षी बघितल्या आहेत. वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत रक्कम खात्यावर येते. अटीत बसतेस का ते इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचार, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नकोस. तिसरं, कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या पोरांना हाताला काम देऊन शिकवलं, त्यांच्याच नावानं पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत ही योजना चालते. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काही तास काम आणि तासावर मोबदला. रक्कम फार मोठी नाही, मेसच्या बिलाला हातभार लागतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे कॉलेजातले क्लार्क, शिपाई, लायब्ररीयन ओळखीचे होतात, आणि कॉलेज आपलं वाटायला तेवढं पुरतं.

सीईटीचं म्हणशील तर वर्ष सोडून गावी जायला माझा स्पष्ट विरोध आहे. सीईटी पुन्हा देण्याला नाही. दोन्ही वेगळं आहे. फॉर्म जानेवारीच्या सुमाराला सुटतात, परीक्षा एप्रिल-मेमध्ये. एफवायला असताना ती देता येते. गणिताच्या 50 प्रश्नांना 100 मार्क, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 100, आणि जवळजवळ ऐंशी टक्के प्रश्न बारावीचे. गणित आणि फिजिक्स तुझ्या हातात रोज आहेच, केमिस्ट्री तेवढी मागे पडेल. म्हणजे कॉलेज न सोडताही तो दरवाजा उघडा राहतो. गावी जाऊन घरात एकटीनं रिपीट करणाऱ्या मुलींचं काय होतं ते मी सांगायला नको. पाहुणे येतात, "किती मार्क पडतील" विचारतात, आणि मार्चपर्यंत घरात स्थळांची चर्चा सुरू झालेली असते.

आणखी एक मार्ग तुझ्या बाबांना माहीत नसेल. बारावीला गणित असलेली मुलगी बीएस्सी झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करू शकते. मी तो सुचवत नाहीये, पण "आता सगळं गेलं" ही भीती त्यानं जाईल. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, असं तुला कुणीतरी सांगेल. त्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल या भ्रमात राहू नकोस. त्याचा खरा उपयोग इतकाच की घरच्या अडचणीनं कधी थांबावं लागलं तर क्रेडिट जमा राहतात आणि परत येता येतं.

नुसत्या बीएस्सीवर पुढं काय, हे तुझ्यापासून लपवणं बरोबर नाही. नुसत्या बीएस्सीवर फारसं काही नाही. ही डिग्री पायरी आहे आणि ती पायरी म्हणूनच वापरायची असते. फिजिक्स मेजर घेतलंस तर तिसऱ्या वर्षी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची तयारी दुसऱ्या वर्षापासून ठेव, त्यातून आयआयटीत एमएस्सी करता येते. शिकवायची आवड असेल तर एमएस्सीनंतर सेट किंवा नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेतं. स्टॅटकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस. खेड्यातून येणाऱ्या मुलींना या विषयाचं नावसुद्धा ठाऊक नसतं म्हणून त्या तो तिसरा विषय म्हणून ढकलतात, आणि नोकरीच्या बाजारात फिजिक्सपेक्षा त्याला मागणी जास्त आहे. विमा कंपन्या, बँका, औषधं बनवणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना ती माणसं लागतात. बाबांच्या पाच वर्षांच्या हिशेबाला हे सगळ्यात पक्कं उत्तर आहे. मेजर निवडायला तुझ्याकडे अजून दोन टर्म आहेत. तोवर तिन्ही विषयांना सारखी संधी दे.

म्हणजे माझा सल्ला असा: पहिल्या टर्मची परीक्षा दे, दिवाळीला बाबांशी बोल, आणि जानेवारीत सीईटीचा फॉर्म समोर येईल तेव्हा परत स्वतःला विचार. त्या वेळी पोट भरलेलं असू दे, झोप झालेली असू दे, आणि गणिताची ती तीन प्रकरणं सोडवून झालेली असू देत. त्यानंतरही मन इंजिनिअरिंगकडेच ओढत असेल तर निवांत फॉर्म भर, मी तुझ्या पाठीशी आहे.

तोपर्यंत एक काम देते. तुझ्या बॅचच्या मॅडमना विचारून एखाद्या मोकळ्या प्रॅक्टिकलला ती ग्रेटिंग पुन्हा लाव. आपल्याकडे बहुधा इंचाला 15,000 रेषांची असते, पट्टीवर बघ. दुसऱ्या ऑर्डरला, म्हणजे मधल्या प्रकाशापासून बाजूला जाताना पिवळी रेष दुसऱ्यांदा येते तिथं, साधारण 44 अंशांवर, त्या दोन रेषा तुला पुन्हा दिसतील. आधी एकीवर क्रॉसवायर, म्हणजे दुर्बिणीतली फुलीची तार, बसव, रीडिंग घे, मग दुसरीवर. फरक कोनाच्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचा येईल, आणि तुमच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, एक मिनिटाचा असेल तर हात जरा जरी हलला तरी उत्तर बिघडेल. म्हणून एकदा नाही, दहादा घे. त्यातून त्या दोन रेषांच्या तरंगलांबीतला फरक काढ. पुस्तकात तो 0.6 नॅनोमीटर दिलाय. तुझा किती आला आणि इतका का आला, हे मला दिवाळीनंतर लिहून कळव, मराठीत लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मॅडम